एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं? या चुका टाळा

"द्राक्षं उतरली की बघू," म्हणत निफाडकडच्या माझ्या चुलत जावेने रिपोर्ट कपाटात साड्यांखाली सारला. 'हाय रिस्क एचपीव्ही : पॉझिटिव्ह' या ओळीखाली कुणीतरी पेनाने दोनदा रेघ मारली होती. एचपीव्ही म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवू शकणारा विषाणू. पहिले आठ दिवस तिला घास गिळवेना. मग 'काही त्रास तर होत नाही' म्हणून ती तो कागद विसरूनही गेली. चुका दोन्ही, पण दुसरी जास्त घातक.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. दहातल्या सुमारे नऊजणींच्या शरीरातून हा विषाणू दोन वर्षांच्या आत आपोआप जातो. त्याला घालवणारी गोळी नाही, त्यामुळे 'व्हायरस काढतो' म्हणणाऱ्या काढ्यांवर पैसे घालवू नका. लसही आधीच असलेला संसर्ग काढत नाही. ती लेकीला वेळेवर, 9 ते 14 व्या वर्षी द्या. आणि नवऱ्याशी भांडण नको. संसर्ग कैक वर्षं गुपचूप राहू शकतो. तो कधीचा, कुणाकडून आला, हे रिपोर्ट सांगत नाही.

भीती आहे ती ठाण मांडून बसलेल्या विषाणूची. 16 आणि 18 हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे 70 टक्के कॅन्सरमागे असतात. पेशी हळूहळू बदलतात; कॅन्सरपर्यंत जायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. एचआयव्ही असून उपचार नसतील, तर 5 ते 10. एवढ्या काळात बहुतेकींना काहीच जाणवत नाही. अंगावर पांढरं जाणं, रक्त जाणं यांची वाट पाहत बसलात, तर हातातला वेळ गेला.

म्हणून 16 किंवा 18 निघाला तर थेट कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुखाची तपासणी. बाकी प्रकारांत डॉक्टर आणखी एखादी तपासणी करतात. ती ठीक आली तर साधारण वर्षाने पुन्हा एचपीव्ही टेस्ट. हीच फेरी बायका चुकवतात. आपल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या बायकांवर झालेल्या अभ्यासात (निष्कर्ष 2009) एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने, आणि दोष सापडलेल्यांच्या उपचाराने, या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

जावेची तारीख आम्ही आता द्राक्षबागेच्या दरवर्षीच्या खरड छाटणीला बांधली आहे. मजूर सांगायला फोन लावला, की त्याच बसल्या बैठकीला नाशिकच्या डॉक्टरांकडे नंबर लावायचा.