स्वस्त पंख्याची मोटर का जळते? या चुका टाळा

पंखा बंद पडला की घरात एकच निदान होतं : "मोटर जळाली." बहुतेक वेळा ते खरंही असतं, पण वाइंडिंग, म्हणजे मोटरमधले तारेचे वेढे, जळणं हा आजाराचा शेवट. सुरुवात आधीच्या उन्हाळ्यात, पात्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्या छोट्या नळीत फिरतो त्या बुशमध्ये झालेली असते.

माझी मावशी जालन्याला असते. तिचा टेबल फॅन जानेवारीत, पाहुणे आले म्हणून लावला, तर नुसता 'हूं' करत बसला. मी जाळी काढून पाती हाताने फिरवली, तर घट्ट. आत बघतो तो बुशच्या तोंडाशी पांढरट मेणासारखं काहीतरी.

"मावशी, यात काय घातलंस?"

"अरे, डोक्याला लावतो तेच. शुद्ध आहे, घाण्याचं."

खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, हे डोक्याला लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पंख्याच्या बाबतीत मात्र आठवत नाही. गोडेतेलाचं तर आणखी वाईट. ते थिजत नाही, पण गरम मोटरजवळ महिनोन् महिने राहून कढईच्या काठासारखं चिकट होतं, आणि वर धूळ बसली की त्याचा लेपच तयार होतो.

टेबल फॅनच्या मोटरमध्ये बहुधा बॉल बेअरिंग नसतं. कांस्याची भुकटी दाबून, भाजून केलेला बुश असतो. तो दिसतो भरीव, पण आत बारीक छिद्रं असतात आणि त्याच्या आकारमानाच्या साधारण पाचव्या भागात तेल मुरवलेलं असतं. शाफ्ट फिरून गरम झाला की ते तेल बाहेर येतं, थंड झाला की परत आत शोषलं जातं. बुशभोवती तेलाने भिजलेली फेल्टची, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाची चकती असते, ती राखीव साठा. स्वस्त पंख्यात पैसे वाचवले जातात ते इथे. चकती पातळ, तेल जेमतेम, बुश आखूड. दोन उन्हाळ्यांत साठा संपतो.

मग काय होतं? शाफ्ट कोरडा घासतो. वेग कमी होतो. टेबल फॅनची मोटर थंड राहते ती पात्याने मागून ओढलेल्या हवेवर, म्हणजे वेग घटला की वाराही घटला. वाइंडिंग तापतं, त्या तापाने उरलंसुरलं तेल आटतं, घर्षण वाढतं. मोटरवाल्यांचा जुना ठोकताळा आहे : तापमान दर १० अंशांनी वाढलं की तारेवरच्या इनॅमलचं, म्हणजे वीज अडवणाऱ्या पातळ लेपाचं, आयुष्य निम्मं होतं. शेवटी दोन वेढे एकमेकांना चिकटतात आणि जळका वास येतो. आपल्याला कळतं ते तेव्हा.

या चक्रात व्होल्टेज कमी असेल तर विचारूच नका. या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० चे १७० झाले की जोर जवळजवळ निम्मा. घट्ट बुश, १७० व्होल्ट आणि बटण एक नंबरवर. असा पंखा रात्री कधीतरी थांबतो आणि सगळे झोपलेले असताना जागच्या जागी तापत राहतो. म्हणून जुना टेबल फॅन सुरू करताना आधी पूर्ण वेगावर टाका, फिरायला लागला की कमी करा.

तेल कुठलं? शिलाई मशीनचं चालतं, पण पातळ असतं, त्यामुळे दर हंगामाला घालावं लागतं. हार्डवेअरच्या दुकानात ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल मिळालं तर जास्त टिकतं. मागच्या आणि पुढच्या बुशच्या फेल्टवर प्रत्येकी चार-पाच थेंब, मग पाती हाताने फिरवायची. ग्रीस भरू नका, छिद्रं बुजतात. गंज सोडवणारा स्प्रे मारला की पंखा लगेच पळायला लागतो आणि माणूस खूश होतो. पण तो जुनं तेल धुऊन टाकतो आणि स्वतः उडून जातो. स्प्रेनंतर तेल घातलंच पाहिजे. तेलाआधी पातं काढून शाफ्टला गुंडाळलेले केस आणि दोरे ब्लेडने कापून काढा. मावशीच्या पंख्यात बोटभर जाड वेटोळं निघालं. असं वेटोळं बुशमधलं तेल वातीसारखं बाहेर ओढत राहतं.

प्लग काढून हाताने फिरवा

निदान करायला मीटर नसला तरी चालतं. पातं हलकं फिरून काही सेकंद फिरत राहिलं तर बुश ठीक. लगेच थांबलं तर तेल. शाफ्ट आडवा हलवल्यावर खुळखुळला तर बुश झिजलाय, तेलाने भागणार नाही.

हाताने मोकळा फिरतो, पण चालू केल्यावर गुणगुणतो आणि ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, किंवा दिवसेंदिवस मंदावतोय? कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणारा छोटा डबीसारखा भाग, गेला. सिलिंग फॅनचा बहुधा २.५ एमएफडी (मायक्रोफॅरड), ४४० व्होल्टचा असतो. टेबल फॅनचा जुन्यावर वाचून तेवढाच आणा. इथे एक लाडकी चूक होते : वारा वाढावा म्हणून २.५ च्या जागी ४ चा बसवायचा. काही दिवस पंखा जोरात वाटतो, पण कंडेन्सरला जोडलेल्या स्टार्टिंगच्या वाइंडिंगमधून जादा करंट वाहतो आणि तेच आधी जळतं.

गुणगुणतही नाही, अगदी मेलेला? आधी वायर आणि स्विच बघा. ते ठीक असतील तर वाइंडिंगमध्ये गुंडाळलेला थर्मल फ्यूज उडालेला असू शकतो. मोटर मर्यादेबाहेर तापली की तो एकदाच तुटतो. काही मेकॅनिक तो काढून सरळ तार जोडून देतात, "झाला चालू" म्हणतात. असा पंखा घरात ठेवू नका. पुढच्या वेळी तो जाम होईल तेव्हा तोडायला काही उरलेलं नसेल, आणि वर प्लॅस्टिकचं कव्हर आहे.

सिलिंग फॅनचं गणित वेगळं. त्यात बॉल बेअरिंग असतात, आत ग्रीस असतं. घरघर आली म्हणून वरून तेल सोडलं तर ग्रीस पातळ होऊन वाहून जातं आणि पात्यांवर तेलकट डाग पडतात. दोन्ही बेअरिंग बदलून घ्या, काम मोठं नाही. घराला रंग काढताना भिंत घासायच्या आधी मोटरला प्लॅस्टिक बांधा. पुट्टीची भुकटी बेअरिंगची वैरी.

नवा घेताना वजन बघा. स्वस्त मोटरमध्ये लोखंडी पत्र्यांचा थर कमी आणि तार ॲल्युमिनियमची असते. वरच्या इनॅमलचा रंग तांब्यासारखाच असल्याने डोळ्यांना कळत नाही. जळलेल्या मोटरची तार ब्लेडने खरवडा, आत चांदीसारखी चमकली की समजा. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे तेवढ्याच जाडीची तार जास्त तापते. अशी मोटर भरून घेण्यात अर्थ नाही.

मावशीचा पंखा थिनरने धुऊन, तेल घालून परत दिला. तांब्याचा निघाला, म्हणून वाचला. तेलाची लहान बाटली मी त्याच्या हँडलला दोऱ्याने बांधून ठेवली आहे, खोबरेलापासून लांब.