कोल्हापुरात जेवायला किती वाजता निघायचं

नागपूर सोडून कोल्हापुरात आले त्याला चौदा वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात दुपारी चार वाजता मिसळ खायला गेले. बाकडी उलटी टाकून फरशी धुणं चाललं होतं. झाडूवाला पोरगा म्हणाला, "ताई, मिसळ सकाळी असतीय." काय खायचं ते इथे रिक्षावालाही सांगतो. कधी खायचं ते कुणी सांगत नाही, कारण इथल्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही.

तर मिसळ सकाळची. उद्यमनगरातली फडतरे घ्या, नाहीतर कसबा बावड्यातली. रविवारी उशिरा उठून गेलात तर नंबर लावून उभं राहावं लागेल. मी सवयीने 'तर्री' मागितली तेव्हा वाढपी नुसताच बघत राहिला. इथे त्याला 'कट' म्हणतात. सोबत पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतात. पहिल्यांदा मला ते अगदीच दवाखान्यातलं खाणं वाटलं होतं, पण ती स्लाइस कटात बुडवून बघा. कट संपला की पुन्हा मागा, लाजू नका. बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत. रंग बघून घाबरू नका. त्या लालीत कांदा-लसूण चटणी असते, आणि तिच्यात मिरचीइतकंच काम खोबरं, तीळ, लसूण करतात. नागपूरचं झणझणीत सावजी खाऊन वाढलेल्या माणसाला हा कट मवाळच वाटतो. (हे मोठ्याने बोलू नका. मी एकदा ऑफिसात बोलले, अजून ऐकून घेते.)

मटणाला वेळेबरोबर वारही बघावा लागतो. बुधवार आणि रविवार हे मटणाचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत पाळतात, एकादशी वेगळीच. त्यामुळे सोमवारी सहकाऱ्याला "चल, मटण खाऊ" म्हणालात तर तो उपवासाची खिचडी खात बसलेला सापडेल. आषाढात उलट: श्रावण लागायच्या आत आखाड साजरा करायला सगळं गाव निघतं, तेव्हा जागा मिळणं मुश्कील.

ताट आलं की आधी पांढऱ्या रश्श्याची वाटी उचलून तोंडाला लावा. तो प्यायचाच असतो. भातावर ओतून घेतलात की शेजारच्या टेबलाला कळतं की पाहुणा आहे. मटण शिजवून निघालेलं अळणी पाणी हे दोन्ही रश्श्यांचं मूळ. त्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू गेले की पांढरा, चटणी-मसाला गेला की तांबडा. दोन्ही रस्से बहुतेक खानावळींत मागाल तितके मिळतात. सुकं मात्र एकदाच, म्हणून ते भाकरीबरोबर जपून खा. एकट्या बाईने खानावळीत जायचं कसं, असं मला वाटायचं. एका ठिकाणी भाकरी करणाऱ्या मावशी "थांब, तुला गरम आणतो" म्हणाल्या आणि माझा संकोच तिथेच संपला. हो, इथल्या बायका स्वतःबद्दल 'आणतो, जातो'च म्हणतात. महिनाभरात कानाला सवय होते.

संध्याकाळ भेळेची. खासबाग मैदान शाहू महाराजांनी 1912 मध्ये कुस्तीसाठी बांधलं, आता त्याच्या आसपास भेळेसाठीही तितकीच गर्दी असते. मुरमुरे म्हणू नका, चिरमुरे म्हणा. रंकाळा तलावावरही भेळ मिळते, पण तिथे मी हवेसाठी जाते. भाऊसिंगजी रोडवरून जाताना आठवण ठेवा: गंगाराम कांबळे या दलित माणसाने इथे चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा गिऱ्हाईक फिरकेना. शाहू महाराज गाडी थांबवून मुद्दाम तिथला चहा घेत. या शहरात कुठल्याही टपरीवर चहा घेताना मला ते आठवतं.

रात्री जेवण झाल्यावर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हशी उभ्याच असतात, समोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात. बघायला जरूर जा, पण पोट नवीन असेल तर पिऊ नका. कच्चं, न उकळलेलं दूध आहे. माझे पहिले दोन दिवस त्यातच गेले. रात्री उशिरा तापवलेलं मसाला दूध घ्या, तेही चांगलंच घट्ट असतं.

एक गोष्ट मात्र थंडीपुरतीच. ऊस तुटायला लागला की कुणी ओळखीचं गुऱ्हाळावर नेणार असेल तर रजा टाकून जा. रस, गरम गूळ, काकवी सगळं तिथेच. घरून झाकणाची बाटली न्या. मी पहिल्या वर्षी काकवी पाण्याच्या बाटलीतून आणली आणि बसमध्ये सांडली.