शाळा संपण्याआधीच नोकरीची तयारी: सांगली परिसरातील दिव्यांग मुलामुलींच्या पालकांसाठी

शाळा सुरू असते तोवर शिक्षक लक्ष घालतात, दिवसाला शिस्त असते. शाळा सुटली की अनेक दिव्यांग मुले घरी बसतात आणि शिकलेलेही विसरू लागतात. म्हणून नोकरीचा विचार नववीतच सुरू करावा, असा माझा आग्रह आहे.

प्रथम कागदपत्रे. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून शासकीय रुग्णालयात तपासणी झाल्यावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र मिळते. दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि शासकीय व अनुदानित संस्थांतील उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण आहे. मात्र या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, त्यामुळे केवळ जाहिरातीची वाट पाहण्यात उमेदीची वर्षे घालवू नयेत. आयटीआयचा अभ्यासक्रम किंवा एखाद्या कारखान्यातील शिकाऊ उमेदवारी हेही चांगले मार्ग आहेत.

खरी कसोटी लागते ती प्रत्यक्ष कामावर. दहावीनंतरच्या सुट्टीत ओळखीच्या दुकानदाराला, कुपवाडच्या एमआयडीसीतील उद्योजकाला किंवा तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याला भेटावे आणि मुलाला रोज दोन तास काम करून पाहू द्यावे, अशी विनंती करावी. ‘जमेल ते काम द्या’ असे मोघम सांगू नये; कोणते काम, ते नेमके सांगावे. बेदाण्याच्या प्रतवारीचेच पाहा: बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलीला तोंडी सूचना लक्षात ठेवणे जड जाते, पण हिरव्या, पिवळ्या आणि काळ्या बेदाण्याचा एकेक नमुना तिच्यासमोर वाटीत ठेवला, तर ती ताटातला माल त्याच्याशी ताडून वेगळा करू शकते. वजनकाट्याशेजारी हवा तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद चिकटवावा. कर्णबधिर मुलासाठी यंत्राच्या घंटेसोबत दिवा बसवावा लागेल. या सोयींना फारसा खर्च येत नाही, हे मालकाला आपणच पटवून द्यावे लागते.

प्रवासाची सवय वेगळी लावावी, कारण काम जमूनही येण्याजाण्यापायी नोकरी सुटते. सुरुवातीला एसटीत शेजारी बसावे, नंतर मागच्या बाकावर, पुढे फक्त थांब्यावर सोडावे आणि उतरल्यावर फोन करायला सांगावे. एसटीतील भाडेसवलतीचे कार्ड स्वतः दाखवण्याचा सरावही यातच करून घ्यावा.

नोकरी लागल्यावर पहिले काही महिने विचारपूस करणारा एक सहकारी मालकाकडून ठरवून घ्यावा आणि आठवड्यातून एकदा त्याच्याशी बोलावे. पगाराबाबत संकोच नको. ‘खाऊला काहीतरी देऊ’ हे उत्तर स्वीकारू नये. किमान वेतनाचा कायदा दिव्यांग कामगारालाही लागू आहे. पगार मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावा, आणि पासबुक भरून आणायला त्यांनाच पाठवावे.