होस्ट फॅमिलीला भेटून परत येताना: जाणाऱ्यांसाठी थोडं

एक्सचेंज इयर, म्हणजे शाळेच्या वयात एक वर्ष परदेशात तिथल्या एका कुटुंबात (होस्ट फॅमिली) राहणं, ते करून आलेल्या ज्युनियर पोरापोरींचे मेसेज येतात, ताई मला माझ्या होस्ट फॅमिलीला भेटायला जायचंय, व्हिसा कुठला लागतो, किती दिवस राहू, गिफ्ट काय नेऊ. परत कसं यायचं हे कुणी विचारत नाही. मीपण कुणाला विचारलं नव्हतं.

मी सोळा वर्षांची असताना एक वर्ष जर्मनीत होते, फ्रायबुर्गजवळच्या एका गावात, श्वार्त्सवाल्डच्या म्हणजे आपण ज्याला ब्लॅक फॉरेस्ट म्हणतो त्याच्या पायथ्याशी. नंतर सात वर्षांनी परत गेले, फक्त बारा दिवस. आणि खरं सांगते, अख्खं वर्ष राहून परत आले तेव्हा जेवढा त्रास झाला नव्हता तेवढा ह्या बारा दिवसांनंतर झाला.

आधी कागदपत्रं उरकून घेऊ. एक्सचेंजला जाताना तुमचा लाँग स्टे व्हिसा असतो आणि बरंचसं संस्थाच करते. भेटायला जाताना शेंगेन टाइप सी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा थोड्या दिवसांचा व्हिसा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, त्यात पोचल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस मोजतात हे लक्षात ठेवा. फी ९० युरो, इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा. आणि तुमच्या अकाउंटला दाखवण्याइतके पैसे नसतील (माझ्या नव्हते, पहिलीच नोकरी) तर होस्टना तिकडच्या फॉरेनर्स ऑफिसात जाऊन एक फॉर्म करावा लागतो, नाव फेरप्फ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग, एका दमात म्हणता आलं की समजायचं जर्मन शाबूत आहे. त्यात ते लिहून देतात की हिच्या राहण्याचा, आजारपणाचा आणि वेळ आलीच तर परत पाठवण्याचा खर्च आमच्यावर. त्यासाठी त्यांना स्वतःच्या पगाराचे कागद दाखवावे लागतात. मी हे फोनवर अगदी सहज मागितलं, बाबांनी (ह्या लेखात बाबा म्हणजे माझे तिकडचे होस्ट बाबा) तेवढ्याच सहज हो म्हटलं, आणि कुरियरने ओरिजनल हातात आल्यावर ते वाचताना मी पाच मिनिटं खुर्चीतच बसून राहिले. तेव्हा मागायचं असेल तर दोन-तीन महिने आधी मागा, त्यांना पण अपॉइंटमेंट लागते.

एक्सचेंजच्या ओरिएंटेशनला आम्हाला एक ग्राफ दाखवला होता, तुम्हालाही दाखवतील. १९५५ मध्ये लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या संशोधकाने अमेरिकेत जाऊन आलेल्या २०० नॉर्वेजियन फुलब्राइटवाल्यांशी (फुलब्राइट ही अमेरिकेची स्कॉलरशिप) बोलून यू आकाराचा कर्व्ह मांडला, आधी मजा, मग खड्डा, मग वर. पुढे १९६३ मध्ये गलाहॉर्न नवरा-बायकोंनी त्याला आणखी एक यू जोडला, कारण घरी आल्यावर परत खड्डा येतो, म्हणून तो डब्ल्यू. माझं पहिलं परतणं बरोबर त्या डब्ल्यूप्रमाणे झालं. चार महिने चिडचिड, मग कॉलेज सुरू झालं, झालं बरं. पण पुन्हा भेटायला जाणाऱ्याचा ग्राफ काही कुणी दाखवला नव्हता.

फरक असा की पहिल्यांदा निघताना एअरपोर्टवर आपल्यासारखे आणखी आठ-दहा जण रडत असतात, सगळ्यांच्या ब्लेझरवर वर्षभर जमवलेल्या पिना म्हणजे बिल्ले, सगळ्यांना माहिती असतं की वर्ष संपलंय, आणि आपण "परत येणार" म्हणून निघतो. दुसऱ्यांदा निघतो तेव्हा ते परत येणं होऊन गेलेलं असतं. आणि मधल्या सात वर्षांत ते घर काही आपली वाट बघत थांबलेलं नसतं. माझ्या खोलीत आता होस्ट आईचं शिवणाचं मशीन आहे, मी सोफा कम बेडवर झोपले. धाकटा भाऊ, जो मला डोळे मिटून मॅथ्सची उत्तरं सांगायचा, तो आता दुसऱ्या शहरात राहतो आणि फक्त वीकेंडला आला.

आणि बाबांचा गुडघा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या घरात माझं एक ठरलेलं काम होतं, रिकाम्या बाटल्या. जर्मनीत बाटलीवर डिपॉझिट असतं, फांड म्हणतात, बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट, पाण्याच्या परत भरायच्या बाटलीला १५, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला २५, आणि क्रेटचे वेगळे दीड युरो. तळघरात क्रेट साठायचे, शनिवारी बाबा आणि मी ते गाडीत टाकून सुपरमार्केटला न्यायचो, मशीनच्या खालच्या खिडकीत अख्खा क्रेट ढकलायचा, हिरवं बटण दाबायचं, चिठ्ठी बाहेर येते, ती काउंटरवर दिली की बिलातून पैसे कमी. तर ह्या वेळी चौथ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, तळघरात तुझं काम पडलंय. खाली गेले तर दोन क्रेट, एक बिअरचा वीस बाटल्यांचा आणि एक पाण्याचा बारा बाटल्यांचा. मागून ते उतरले, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. मी दोन्ही क्रेट एका दमात वर आणले म्हणून ते हसले. मला हसू येत नव्हतं.

म्हणून माझा पहिला सल्ला, फिरायचे प्लॅन कमी करा. मी जायच्या आधी एक्सेल केलं होतं, स्ट्रासबुर्ग, बासेल, टिटिसे. सगळं जवळ आहे, होईलही. मी बासेल केलं आणि बाकीचं सोडलं ते बरं झालं. पहिले तीन दिवस आपण पाहुणे असतो, सगळे छान वागतात, चौथ्या दिवसापासून घरात कामं मिळायला लागतात, आणि भेटायला गेलोय ते त्यासाठीच. तसंच फार लांबवू पण नका, ९० दिवस मिळतात म्हणून दीड महिना राहणारी एक मैत्रीण आहे, चौथ्या आठवड्यात होस्ट आई फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली म्हणे. ती माणसं तोंडावर बोलत नाहीत असं नाही, बोलतात, पण ह्या बाबतीत नाही.

शेवटच्या दिवशी काहीही ठेवू नका, निरोपाचं जेवण एक दिवस आधी. सकाळी उठून बेडशीट, उशीचे अभ्रे काढून घडी करून ठेवा, तिकडे ती रीतच आहे. आणि निरोप स्टेशनवर घ्या, एअरपोर्टपर्यंत त्यांना आणू नका. फ्रायबुर्गहून फ्रँकफुर्ट एअरपोर्टला थेट ट्रेन आहे, साधारण दोन तास, पण ट्रेन लेट होतात, माझी पाऊण तास झाली, त्यामुळे जी ट्रेन पुरेल असं वाटतं तिच्या आधीची घ्या. प्लॅटफॉर्मवर तो पाऊण तास फार वाईट गेला. मिठ्या मारून झाल्या होत्या, बोलायचं संपलं होतं, तिघंही बोर्डकडे बघत उभे, दर दहा मिनिटांनी आणखी दहा मिनिटं वाढायची. शेवटी मीच म्हटलं की तुम्ही जा घरी. बाबांना उभं राहवत नव्हतं ते दिसत होतं.

अजून एक, ते जाताना जॅमच्या बरण्या देतील. जॅम सिक्युरिटीसाठी लिक्विड आहे, १०० मिलीच्या वरचा बऱ्याच एअरपोर्टवर हँडबॅगेत चालत नाही. माझी चेरीची बरणी गेली. चूक माझीच, दोन बरण्या चेक-इनच्या बॅगेत नीट मोज्यात गुंडाळल्या होत्या आणि तिसरी स्टेशनवर ऐनवेळी हातात दिली ती तशीच खांद्यावरच्या पिशवीत राहिली.

आता घरी आल्यावरचं. इथे मी चुकले ते सांगते. आल्या आल्या मी आईला तासभर सगळं सांगितलं, फोटो, क्रेट, तळघर, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तिथे लोकांच्या बाटल्या उचलायला जातेस, इथे प्यायच्या पाण्याची एक बाटली भरून ठेवत नाहीस. मी भांडले. दोन दिवसांनी लक्षात आलं की तिचं काही चुकत नव्हतं, मी बारा दिवस "आई, आई" करत होते आणि ते दुसऱ्याच बाईबद्दल होतं. मग एका रविवारी मी दोघींना व्हिडिओ कॉलवर बसवलं, मधे दुभाषी मी. पहिली दहा मिनिटं हवामान झालं, मग शिवणाच्या मशीनचा विषय निघाला आणि मला कुणी विचारेना. आता त्या दोघी मला वगळून एकमेकींना ब्लाउजचे आणि पडद्यांचे फोटो पाठवतात, भाषांतर ॲपने करतात, बरंचसं चुकीचं. हे खरं तर जायच्या आधीच करायला हवं होतं, तुम्ही करा.

दर आठवड्याला फोन करेन असं कबूल करू नका, महिन्यातून एक ठरवा आणि पाळा. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेचार, मार्चच्या शेवटच्या रविवारी परत साडेतीन, मी पहिल्याच वर्षी त्यांना जेवणातून उठवलं होतं. आणि तब्येतीचं विचारायचं तर मोघम विचारू नका, "कसे आहात" ला "छान" एवढंच उत्तर येतं. मी आता विचारते, तळघरात कितीदा उतरलात?

आल्यावर तीन आठवड्यांनी जॅकेट धुवायला टाकताना खिशात त्या दोन क्रेटची चिठ्ठी सापडली, ३ युरो १० आणि ३ युरो ३०, एकूण ६ युरो ४० सेंट. त्या दिवशी काउंटरवर द्यायची राहून गेली होती. बाबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं की घेऊन ये, पण थर्मल पेपर आहे, शाई उडते. उन्हापासून लांब म्हणून मी ती पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवलीये. परवा काढून बघितली, शून्य थोडं पुसट झालंय.