काफ्काचा कन्झ्युमर मध्येच मागे गेला किंवा पुढे उडाला, तर काय काय तपासायचं

तीन दिवसांपूर्वीच्या ऑर्डरचा एसएमएस कस्टमरला परत जातो, किंवा उलट, दुपारच्या दोन तासांतल्या ऑर्डरी कुठे गेल्या तेच कळत नाही आणि डॅशबोर्डवर लॅग, म्हणजे वाचायचे राहिलेले मेसेज, मात्र मस्त शून्य. हिंजवडी असो नाहीतर खराडी, काफ्कावर, म्हणजे एका सिस्टिमकडून दुसरीकडे मेसेज पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करणाऱ्या टीमच्या ग्रुपवर असं काही झालं की पहिला मेसेज ठरलेला असतो, "ऑफसेट रीसेट झाला वाटतं, रीस्टार्ट मारू का?" थांबा जरा. रीस्टार्टने काही सुटत नाही, वर जे काही सापडलं असतं ते लॉगच्या ढिगात खाली जातं.

आधी प्रकरण काय आहे ते बघू. काफ्कात मेसेज ज्या विषयवार लॉगमध्ये येतात तो टॉपिक, त्याचे तुकडे म्हणजे पार्टिशन, ते सांभाळणारा सर्व्हर म्हणजे ब्रोकर, आणि ते मिळून वाचणाऱ्या प्रोग्रॅमचा गट म्हणजे कन्झ्युमर ग्रुप. हा ग्रुप प्रत्येक पार्टिशनमध्ये आपण कुठपर्यंत वाचलं याची खूण ब्रोकरकडे ठेवतो, पोथीत मोरपीस घालून ठेवतात तशी, आणि या सगळ्या खुणा 'कन्झ्युमर ऑफसेट्स' नावाच्या काफ्काच्या स्वतःच्या एका टॉपिकमध्ये जमा होतात. मेसेजचा पार्टिशनमधला नंबर म्हणजे ऑफसेट, आणि खूण असते ती पुढच्या मेसेजची, म्हणजे 41 नंबरचा वाचून झाला तर कमिट (नोंदवलेली खूण) 42 होतो. आता कन्झ्युमर चालू झाला आणि खूणच मिळाली नाही, किंवा खूण मिळाली पण त्या नंबरचा मेसेज लॉगमध्ये नाहीच, तर तो 'ऑटो ऑफसेट रीसेट' हे सेटिंग बघतो. लेटेस्ट असेल तर थेट शेवटाला जातो, अर्लिएस्ट असेल तर जे सगळ्यात जुनं शिल्लक आहे तिथून सुरू करतो, आणि नन असेल तर एक्सेप्शन टाकून मोकळा. डिफॉल्ट लेटेस्ट आहे, हे बऱ्याच जणांना डेटा गेल्यावरच कळतं.

म्हणजे खूण गायब की खूण चुकीच्या जागी, एवढं एकदा ठरलं की अर्धं काम झालं.

पहिली स्टेप: डेटा वाचवा

शोधाशोध नंतर. आधी त्या टॉपिकचं रिटेन्शन, म्हणजे मेसेज किती काळ ठेवायचे ती मुदत, वाढवा, काफ्का-कॉन्फिग्ज स्क्रिप्टने 'रिटेन्शन एमएस' बदलता येतं आणि त्यासाठी ब्रोकर रीस्टार्ट करावा लागत नाही. ब्रोकरचं डिफॉल्ट 168 तास म्हणजे सात दिवस आहे, पण खर्च वाचवायला कुणीतरी ते एक दिवसावर आणून ठेवलेलं असतं, आणि तुम्ही मीटिंगमध्ये चर्चा करत बसलात तर तेवढ्यात जुने सेगमेंट, म्हणजे लॉगच्या फाइली, उडून जातात, मग ऑफसेट मागे नेऊन उपयोग काय. डिस्कवर जागा किती आहे ते मात्र आधी बघा. आणि 'रिटेन्शन बाइट्स' पण लावलेलं असेल तर नुसते दिवस वाढवून भागत नाही, कारण दोन्हीपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल तिच्यावर डिलीट होतं, आणि बाइट्सची मर्यादा अख्ख्या टॉपिकला नसून दर पार्टिशनला असते.

दुसरी स्टेप: कन्झ्युमरचा लॉग वाचा

जावा क्लायंट हे स्वच्छ लिहून ठेवतो. 'फाउंड नो कमिटेड ऑफसेट फॉर पार्टिशन' अशी ओळ असेल तर खूण गायब. 'फेच पोझिशन इज आउट ऑफ रेंज' असेल तर खूण आहे पण तिथे मेसेज नाही, आणि या ओळीत जुना ऑफसेट नंबरही छापलेला असतो, तो लगेच कॉपी करून ठेवा, पुढे लागणार आहे. दोन्हींच्या मागोमाग 'रीसेटिंग ऑफसेट' अशी ओळ येते, त्यात नवीन जागा दिसते. या ओळी इन्फो लेव्हलच्या असतात. लॉग फार वाढतात म्हणून अपाची काफ्काचा लॉगर वॉर्नवर टाकलेला असला तर यातलं काहीच दिसणार नाही, आणि पुण्यातल्या निम्म्या टीम्सनी तो तसा टाकलेला असतो असं आपलं माझं मत. निदान कन्झ्युमरपुरता तरी तो इन्फोवर ठेवाच.

सोबत काफ्का-कन्झ्युमर-ग्रुप्स स्क्रिप्टला डिस्क्राइब लावून आउटपुट फाइलमध्ये घ्या. 'करंट ऑफसेट'च्या खाली आकड्याऐवजी नुसती डॅश दिसली तर त्या पार्टिशनला कमिटच नाही. लेटेस्टवर रीसेट झालेल्या ग्रुपचा लॅग शून्याच्या आसपास दिसतो, म्हणून अलर्ट वाजत नाही, सगळं हिरवं असतं आणि मधले मेसेज कुणी वाचलेलेच नसतात. अर्लिएस्ट निदान आरडाओरडा करून सांगतो, लॅगचा डोंगर उभा राहतो.

खूण गायब असेल तर

सगळ्यात आधी ग्रुप आयडी बघा. कुणी नावात व्हर्जन घातलं, किंवा ग्रुप आयडीत पॉडचं (कुबरनेटिसवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रतीचं) नाव किंवा यूयूआयडी (दर वेळी नवा बनणारा आयडी) जोडलं गेलं, की दर डिप्लॉयला नवा ग्रुप तयार होतो आणि नव्या ग्रुपला खूण कुठून असणार. ग्रुपची लिस्ट काढली की एकाच नावाची दहा-बारा भावंडं दिसतात, तिथेच कळतं.

दुसरं कारण म्हणजे ऑफसेटची मुदत. ग्रुपमधले सगळे कन्झ्युमर बंद झाले की 'ऑफसेट्स रिटेन्शन मिनिट्स' एवढा वेळ ब्रोकर खुणा सांभाळतो, मग पुसून टाकतो. हे डिफॉल्ट 10080 मिनिटं म्हणजे सात दिवस आहे, 2.0 व्हर्जनच्या आधी फक्त एक दिवस होतं. दिवाळीत क्लाउडचं बिल वाचवायला टेस्ट एन्व्हायर्नमेंट बंद केलं, लोक गावाला गेले, भाऊबीजेनंतर शनिवार-रविवार जोडून आले आणि नवव्या दिवशी सगळं चालू केलं, तर खुणा पुसल्या गेलेल्या असतात, त्यात ब्रोकरची काहीच चूक नाही. 2.1 च्या आधीचा जुना क्लस्टर असेल तर अजून गंमत, तिथे मुदत शेवटच्या कमिटपासून मोजायचे, त्यामुळे कन्झ्युमर चालू असूनही ज्या पार्टिशनवर क्वचितच मेसेज येतो तिथली खूण पुसली जायची.

तिसरं, कुणी पार्टिशन वाढवले का ते विचारा. कन्झ्युमरला नवीन पार्टिशनची खबर मेटाडेटा रिफ्रेश झाल्यावर लागते, डिफॉल्ट पाच मिनिटं, आणि तेवढ्यात तिथे आलेले मेसेज लेटेस्टवाला सरळ सोडून देतो.

खूण आउट ऑफ रेंज असेल तर

काफ्का-गेट-ऑफसेट्स स्क्रिप्टने त्या पार्टिशनचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात नवा ऑफसेट काढा, टाइम उणे 2 दिला की जुना मिळतो, उणे 1 दिला की नवा. तुमची खूण जुन्यापेक्षाही मागे असेल तर कन्झ्युमर इतका मागे पडला होता की रिटेन्शनने मेसेज त्याच्या आधीच खाल्ले. ते आता परत येत नाहीत, सोर्सच्या डेटाबेसमधून पुन्हा पाठवावे लागतील. तसं पुन्हा पाठवताना जुना टाइमस्टॅम्प लावू नका, रिटेन्शन मेसेजवरचाच टाइमस्टॅम्प बघतं, त्यामुळे महिन्याभरापूर्वीची तारीख असलेला माल लगेच डिलीटच्या रांगेत लागतो.

खूण नव्यापेक्षाही पुढे असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी टॉपिक डिलीट करून त्याच नावाने परत बनवलेला असतो, किंवा पार्टिशनची मागे पडलेली प्रत (रेप्लिका) लीडर, म्हणजे मुख्य प्रत, झाली, यालाच म्हणतात अनक्लीन लीडर इलेक्शन. ते 0.11 पासून डिफॉल्ट बंद आहे, पण तुमच्याकडे कुणी चालू केलंय का बघा.

थोडेच, म्हणजे शेवटच्या काहीशे मेसेजपुरतेच डुप्लिकेट आले असतील तर मात्र तो रीसेट नसतोच. एका पोलमध्ये (मेसेज मागण्याच्या एका फेरीत) डिफॉल्ट जास्तीत जास्त 500 मेसेज येतात, त्यांच्या प्रोसेसिंगला पाच मिनिटांच्या वर लागली की कन्झ्युमर ग्रुपबाहेर जातो, रीबॅलन्स होतो, म्हणजे पार्टिशनची नव्याने वाटणी होते, आणि कमिट न झालेले मेसेज दुसऱ्याला परत मिळतात. तिथे पोलमधले मेसेज कमी करा, ऑफसेटला हात लावू नका.

ऑफसेट हवा तिथे नेणं

ग्रुप पूर्ण बंद असल्याशिवाय स्क्रिप्ट ऑफसेट बदलू देत नाही. कुबरनेटिसवर रेप्लिका, म्हणजे इथे कन्झ्युमरच्या पॉडची संख्या, शून्य करा, आणि ऑटोस्केलर आधी थांबवा, नाहीतर लॅग बघून तो हौसेने पॉड परत उभे करतो. पॉड झटक्यात मारले असतील तर सेशन टाइमआउटपर्यंत, 3.0 पासून 45 सेकंद, ग्रुप चालूच दिसेल, तेवढं थांबा.

मग आधी टू-करंट आणि एक्सपोर्ट लावून आत्ताचे ऑफसेट सीएसव्हीत काढून ठेवा, म्हणजे गडबड झाली तर निदान इथे तरी परत येता येईल. त्यानंतर आउट ऑफ रेंजवाल्या ओळीतला नंबर अजून लॉगमध्ये शिल्लक असेल तर त्या पार्टिशनपुरतं टू-ऑफसेट वापरा, नसेल तर वेळेवरून टू-डेटटाइम. आता इथे पुण्यात बसलेल्या माणसाची हमखास फसगत होते, कारण टाइमझोन लिहिला नाही तर स्क्रिप्ट ती वेळ यूटीसी धरते. दुपारी अडीचपासून परत वाचायचं म्हणून 14:30 लिहिलंत तर प्रत्यक्षात आपल्याकडचे रात्रीचे आठ होतात, साडेपाच तासांचे मेसेज तसेच राहतात. एकतर 09:00 लिहा नाहीतर शेवटी अधिक 05:30 जोडा, आणि सेकंदांनंतर मिलिसेकंदांचे तीन आकडेही द्यायचे. पाच-दहा मिनिटं जास्तच मागे जा.

एक्झिक्यूटच्या आधी ड्राय-रन (काही न बदलता नुसती चाचणी) करून प्रत्येक पार्टिशनचा नवा आकडा डोळ्यांनी बघा. आणि चालू करण्यापूर्वी एसएमएस, पेमेंटवाल्या टीमला फोन करा, त्यांच्याकडे ऑर्डर आयडीवरून डुप्लिकेट गाळायची सोय नसेल तर तेवढा भाग बंद ठेवूनच मागचं वाचून घ्या.

परत होऊ नये म्हणून

पैशाशी संबंध असलेल्या कन्झ्युमरला मी नन लावतो, बंद पडलेला परवडतो, गुपचूप पुढे गेलेला नाही. नवीन ग्रुपचा पहिला ऑफसेट मग हाताने द्यावा लागतो, तेवढा त्रास चालेल. ऑफसेटची मुदत टॉपिकच्या रिटेन्शनपेक्षा जास्त ठेवा. आणि लॅगसोबत 'रेकॉर्ड्स लीड मिन' या मेट्रिकवरही अलर्ट लावा, कन्झ्युमर आणि लॉगचं जुनं टोक यांच्यात किती मेसेजचं अंतर उरलंय ते त्यात दिसतं, आणि ते शून्याकडे सरकायला लागलं की रिटेन्शन वाढवायला अजून थोडा वेळ हातात असतो.