शिवानीचं नाव पारशिवनीत सापडतं: पाट्यांवरच्या अक्षरांतून नावाचं चित्र कसं करावं

बारशाला चांदीचे वाळे, झबलं-टोपडं, दुपटं हे सगळं येतंच. आमच्या घरच्या बारशांना गेली काही वर्षं आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे बाळाच्या नावाचं, भिंतीवर लावायचं चित्र. त्यातलं प्रत्येक अक्षर नागपुरातल्या किंवा आसपासच्या कुठल्यातरी पाटीवरून आलेलं असतं. एखादं किराणा दुकानाच्या रंगवलेल्या पाटीवरचं, एखादं एसटीच्या फलकावरचं, एखादं रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचं. चित्रकला यावी लागत नाही. मोबाइल, दोन-तीन सकाळी आणि अक्षराकडे थांबून बघायची तयारी असली की पुरतं. बारशाइतकंच हे चित्र वास्तुपूजनाला, लग्नाला किंवा नागपूर सोडून पुण्याला गेलेल्या लेकीच्या नव्या घराला शोभतं.

आधी नाव पक्कं करा

ही पायरी किरकोळ वाटते, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. घरात नाव कसं लिहितात ते कागदावर लिहून घ्या, फोनवर ऐकून लिहू नका. ऋजुता की रुजुता, ईशा की इशा, ओवी की ओंवी, हे ऐकून कळत नाही. बारशाचं चित्र असेल तर आणखी एक अडचण येते. आत्याने बाळाच्या कानात सांगेपर्यंत नाव बाहेर फुटता कामा नये, म्हणून आत्यालाच विश्वासात घ्यावं लागतं. मी बहुतेक वेळा स्वतःच आत्या असते, त्यामुळे माझं काम सोपं होतं. लग्नाच्या भेटीत मुलीचं कुठलं नाव घ्यायचं, हे तिलाच हळूच विचारा. काही घरांत लग्नात नाव बदलतात, काही मुलींना ते नको असतं. आपल्या अंदाजाने तिच्या भिंतीवर नाव चढवू नये.

मग नावाची अक्षरं मोजा. इथे एक अक्षर म्हणजे काना-मात्रा-वेलांटीसकट आणि जोडाक्षरासकट एक पूर्ण घास. सई दोन अक्षरांचं, शिवानी तीन, ज्ञानेश्वरी चार (ज्ञा, ने, श्व, री). सिद्धार्थ लांब वाटतं, पण तेही तीनच: सि, द्धा, र्थ. जितकी अक्षरं, तितके फोटो.

अक्षरं कुठे शोधायची

महाल, इतवारी, गांधीबाग या जुन्या पेठांत फ्लेक्सच्या गर्दीतही ब्रशने रंगवलेल्या पाट्या अजून टिकून आहेत. लाल अक्षराला पिवळी कड, निळ्यावर पांढरं, खाली पडलेली सावली रंगवून दाखवलेली, असं काम फ्लेक्सच्या छापील अक्षरात मिळत नाही. बर्डीतल्या गल्ल्यांत दुकानांचे शटर बघत फिरा, शटरवरही छान लिहिलेलं असतं. गणेशपेठच्या बसस्थानकावर गावांच्या नावांचे फलक एका जागी मिळतात. शहराबाहेर पडलात तर किलोमीटरचे दगड सोडू नका. राष्ट्रीय महामार्गावरच्या दगडाचं डोकं पिवळं असतं, राज्य महामार्गावरच्याचं हिरवं, आणि खाली पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत गावाचं नाव.

मला सगळ्यात आवडणारा मार्ग म्हणजे नागपूर जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या नावांतून नाव जुळवणं. काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, रामटेक, पारशिवनी, मौदा, कामठी, हिंगणा, उमरेड, भिवापूर, कुही ही नावं कागदावर लिहा आणि त्यांची अक्षरं सुटी करा. सावनेरचा सा आणि रामटेकचा रा घेतला की सारा झाली. शिवानीला तर दोनच तालुके लागतात: शि आणि नी पारशिवनीतून, मधला वा भिवापुरातून. ज्या मुलीचं आजोळ भिवापूरचं आहे, तिच्या खोलीत हे चित्र किती जवळचं वाटेल!

अवघड अक्षरांसाठी थोडं डोकं चालवावं लागतं. ज्ञा हवा असेल तर विज्ञान महाविद्यालयाची पाटी बघा. क्षा दीक्षाभूमीच्या नावात आहे. र्थ श्री स्वामी समर्थ लिहिलेल्या कुठल्याही रिक्षामागे सापडेल. द्ध बुद्ध विहाराच्या पाटीवर मिळतो. आ आटा चक्कीवर, सि सिमेंटच्या दुकानावर. एखादं अक्षर नाहीच मिळालं तर एका फोटोतला काना आणि दुसऱ्यातली वेलांटी चिकटवायच्या फंदात पडू नका. जोड दिसतो. दोन दिवस थांबा, अक्षर सापडतं.

पाटीवर आहे म्हणजे बरोबरच आहे, असं मात्र समजू नका. मी हे शिकले ते भाच्याच्या बारशाला. सिद्धार्थ नाव ठरलं होतं. द्धा मी एका फार सुंदर रंगवलेल्या पाटीवरून घेतला, छापला, फ्रेम केली. बारशाच्या दिवशी बाबांनी चष्मा लावून चित्राकडे पाहिलं आणि इतकंच म्हणाले, “द खाली गेलाय गं.” पाटी रंगवणाऱ्याने ध्दा लिहिलं होतं, म्हणजे आधी अर्धा ध आणि मग द. सिद्धार्थ, श्रद्धा, बुद्ध, शुद्ध या सगळ्यांत आधी द् येतो आणि मग ध. ‘शुध्द शाकाहारी’ आपण इतक्या ठिकाणी वाचतो की डोळ्याला ती चूक दिसेनाशी होते. मी ते चित्र पुन्हा केलं. तेव्हापासून प्रत्येक जोडाक्षर मोठ्याने फोडून म्हटल्याशिवाय मी छपाईला देत नाही.

ल आणि श यांच्याकडेही लक्ष ठेवा. नागपुरात मराठी आणि हिंदी पाट्या शेजारी शेजारी असतात, आणि दोन्हींत या अक्षरांची वळणं वेगळी असतात. मराठीसाठी पाकळीयुक्त ल (दोन पाकळ्यांसारखा, उभ्या दांड्याशिवायचा) आणि देठयुक्त श (गाठीऐवजी देठ असलेला) वापरावा, असं महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेच्या शासन निर्णयात ठरवून दिलं आहे. हिंदी वळणाचं अक्षर वापरणं गुन्हा नाही, पण शीतल या नावात एक अक्षर एका वळणाचं आणि दुसरं दुसऱ्या वळणाचं आलं तर नाव अडखळतं.

फोटो कसा काढायचा

दुकानं उघडण्याआधी, सकाळी सात-आठच्या सुमारास जा. पाटीसमोर माल टांगलेला नसतो, गाड्या उभ्या नसतात, ऊन अंगावर येत नाही. मे महिन्यात तर नागपुरात त्यानंतर फिरणं नकोच. दुकानदार भेटला तर विचारून घ्या. महालातल्या एका काकांनी मला सांगितलं होतं, “काढा जी, पाटी काई पळून नाई चालली,” आणि वर चहाही पाजला. पाटीवरचा फोन नंबर किंवा मालकाचं नाव फोटोच्या चौकटीत येऊ देऊ नका. आपल्याला फक्त अक्षर हवं आहे.

पाटी उंचावर असते, म्हणून आपण खाली उभं राहून मोबाइल वर रोखतो आणि अक्षर वरच्या बाजूला निमुळतं होतं. त्यापेक्षा रस्त्याच्या पलीकडे जा आणि दुप्पट झूम करा. कॅमेऱ्यातल्या आडव्या-उभ्या रेषा सुरू ठेवा आणि शिरोरेषा आडव्या रेषेला समांतर धरा. फ्लॅश बंद, कारण ऑइल पेंट चकाकतो. तरीही थोडा तिरकेपणा राहिला तर स्नॅपसीडसारख्या मोफत ॲपमध्ये तो सरळ करता येतो. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो छपाईला वापरू नका, तो दाबून लहान केलेला असतो. दहा सेंटिमीटर रुंद तुकडा ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) स्वच्छ छापायचा तर तो साधारण १,२०० पिक्सेल रुंद हवा. म्हणून फोटोत अक्षर मोठं येऊ द्या.

शिरोरेषा एका ओळीत

इंग्रजी नावाचे असे फोटो लोक नुसते ओळीने लावतात आणि ते चालून जातं. देवनागरीत चालत नाही, कारण आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात. एक शिरोरेषा वर, दुसरी दोन बोटं खाली असं झालं की नाव वाचता येत नाही, सुटी अक्षरं दिसतात.

म्हणून सगळे तुकडे एकाच मापाचे कापा, समजा दहा सेंटिमीटर रुंद आणि चौदा उंच. प्रत्येक तुकड्यात शिरोरेषा वरून एक तृतीयांश अंतरावर आणा. वरच्या भागात वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार मावतात, खाली उकाराला जागा राहते. वेलांटीचं किंवा रफाराचं डोकं कापलं गेलं तर तो फोटो बाद समजा. कापताना शिरोरेषा तुकड्याच्या डाव्या आणि उजव्या कडेपर्यंत पोचू द्या. मग तुकड्यांमध्ये अर्ध्या सेंटिमीटरची पांढरी फट ठेवली तरी डोळा ती रेष पुढे ओढून नेतो. काही रंगारी शिरोरेषेशिवाय अक्षर काढतात. ती अक्षरं सुंदर असतात, पण घ्यायची तर सगळी तशीच घ्या.

ए-थ्री कागद आडवा धरला तर ४२ सेंटिमीटर रुंद असतो. दहाचे तीन तुकडे आणि दोन फटी मिळून ३१ होतात, दोन्ही बाजूंना साडेपाच-साडेपाच उरतात. हे प्रमाण डोळ्याला बरं वाटतं. चार अक्षरं असतील तर तुकडे आठ सेंटिमीटरचे करा. संगणकावर इंकस्केप किंवा गिंप ही मोफत साधनं पुरेशी आहेत. संगणक नकोच असेल तर फोटो स्टुडिओतून प्रत्येक अक्षराची ४×६ इंचाची प्रत काढून घ्या आणि फ्रेमवाल्याकडून एकाच माउंटमध्ये (काचेआडच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत) तितक्या खिडक्या कापून घ्या. मला तर हीच पद्धत जास्त आवडते. हाताने सरकवून शिरोरेषा जुळवण्यात वेगळीच मजा आहे.

फोटो रंगीत ठेवावेत की काळे-पांढरे? पाट्यांचे रंग एकमेकांशी भांडत असतील तर काळे-पांढरे करा, नाव शांत होतं. रंग जुळत असतील तर राहू द्या. जुन्या फोटोसारखा तपकिरी रंग चढवू नका, पाटी आज जशी आहे तशीच ती मौल्यवान आहे.

खाली बारीक अक्षरात तारीख किंवा एखादी ओळ टाकायची असेल तर ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘टिरो देवनागरी मराठी’ हे मोफत फाँट वापरा. अक्षरांतलं अंतर वाढवायची सोय मात्र देवनागरीला लावू नका, शिरोरेषा तुटते.

छपाई आणि फ्रेम

छपाईवाल्याला वर्डची फाइल देऊ नका. त्याच्या संगणकावर तुमचा फाँट नसेल तर वेलांट्या भलतीकडे जातात. पीडीएफ द्या आणि त्यातलं लिखाण आउटलाइन करून घ्या, म्हणजे अक्षरांचे आकार होतात आणि फाँट लागत नाही. डिजिटल छपाईत १२×१८ इंचाचा कागद सर्रास मिळतो, त्यावर ए-थ्री आरामात बसतो. कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) मॅट घ्या, चकचकीत कागदावर काचेआडून दिव्याचं प्रतिबिंब पडतं. आधी एका तुकड्याची नमुना प्रत काढा. विशेषतः केशरी रंग असेल तर काढाच, कारण पडद्यावर संत्र्याच्या सालीसारखा तेजस्वी दिसणारा रंग छपाईच्या चार शाईंत मळकट उतरतो.

फ्रेमवाल्याला माउंट घालायला सांगा. माउंटमुळे काच आणि कागद यांत फट राहते आणि पावसाळ्यात कागद काचेला चिकटत नाही. मागे सेलोटेप लावू देऊ नका, ती पिवळी पडते आणि डाग सोडते. कुरिअरने किंवा रेल्वेने पाठवायचं असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक बरं.

जागा निवडताना नागपूरचा उन्हाळा लक्षात ठेवा. कूलरच्या झोतासमोर चित्र लावलं तर तीन महिने दमट हवा खाऊन कागदाला लाटा येतात. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट पडतं तिथे रंग उडतात. आतली, सावलीतली भिंत शोधा आणि चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येईल असं लावा. पाळण्याच्या अगदी वर काच असलेली फ्रेम लावू नका.

बारशाला नेताना चित्र खणात किंवा साध्या सुती कापडात गुंडाळा आणि नाव कानात सांगून झाल्यावरच उघडा. त्याआधी फ्रेमच्या पाठीला एक चिठ्ठी लावा. पेन्सिलनेच लिहा, शाई ओलीने पसरते. कुठलं अक्षर कुठून घेतलं, कुठल्या महिन्यात, सोबत कोण होतं, एवढंच: “शि आणि नी, पारशिवनी. वा, भिवापूर. आजीबरोबर एसटीने गेलो होतो.”