इंदुरात प्रायोगिक एकांकिका पाहायला जाताना

रवींद्र नाट्यगृह असो की एखाद्या संस्थेचे छोटेखानी सभागृह, एकांकिकांच्या प्रयोगाला पहिल्या घंटेपूर्वीच पोहोचावे. तिसऱ्या घंटेनंतर अंधारात पायऱ्या चाचपडत जागा शोधणे आपल्यालाही जड जाते आणि इतरांचाही रसभंग करते. बाहेर जायचे असल्यास दोन एकांकिकांमध्ये नेपथ्य बदलत असतानाच जाऊन यावे. (पोहे मात्र बाहेरच संपवावेत, त्यांवर भुरभुरलेल्या जिरावण मसाल्याचा वास लपत नाही.)

ध्वनिवर्धक नसेल, तर पुढच्या रांगा गाठाव्यात, कारण अशा नाटकांत नटाची कुजबुजही संवादाइतकीच महत्त्वाची असते. रंगमंचावर बहुधा दोन ठोकळे आणि एक खुर्ची एवढेच दिसते. तोच ठोकळा कधी रेल्वेचा बाक होतो, तर कधी न्यायाधीशाचे आसन, म्हणून कथानक लगेच उलगडले नाही तरी शेजाऱ्याला अर्थ विचारत न बसता वस्तूंचा वापर कसा बदलतो आणि प्रकाश कोणावर स्थिरावतो, हे पाहत राहावे. अंधार होताच टाळ्या वाजवण्याची घाई करू नये. पुष्कळदा तो केवळ प्रवेशबदल असतो. मोबाइल नुसता मूक न करता बंदच करावा, कारण त्याच्या स्क्रीनचा उजेड नटालाही दिसतो.